क्लोज्ड-बॅक हेडफोन घेताना मॉडेलचं नाव शेवटी ठरवा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ओळखीच्यांचे मला हेडफोनबद्दल फोन येतात, ते बहुतेक पैसे देऊन झाल्यावर. "एवढा महागाचा घेतला, पण बुवा रांजणात तोंड घालून गातायत असं वाटतंय बघा." पाहायला जावं तर हेडफोन चांगला असतो. चष्म्याच्या काडीमुळे तो नीट बसलेला नसतो, नाहीतर फोनला त्याचं ओझं पेलत नसतं, नाहीतर दुकानात दहा मिनिटं मोठ्या आवाजात ऐकून घेतलेला असतो. म्हणजे चूक क्रमाची. आधी नाव ठरतं आणि मग ते नाव आपल्या डोक्यावर बसवायची खटपट सुरू होते.

खालचा क्रम उलटा आहे. पाचव्या पायरीपर्यंत कुठलंही मॉडेल मनात आणू नका. बसमध्ये जाता-येता ऐकण्यासाठी हेडफोन हवा असेल तर एवढा खटाटोप नको. तानपुऱ्याची जवारी कशी लागली आहे, तबलजीचा बायाँ कुठे घुमतोय, गायकाने श्वास कुठे घेतला, हे ऐकायला जे ठरवून बसतात त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

पायरी १ : बंद कपाचा हेडफोन खरंच हवा आहे का

ओपन-बॅक हेडफोनला मागून जाळी असते, क्लोज्ड-बॅकचा कप बंद असतो. बंद कपाने बाहेरचा गलका कमी होतो आणि आपलं गाणं शेजारी झोपलेल्याला ऐकू जात नाही. पण ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, मागच्या बाजूने निघणारा आवाज त्या डबीत कोंडतो, कपाच्या भिंतींवर आपटतो आणि काही प्रमाणात परत कानाकडे येतो. महागड्या क्लोज्ड-बॅकमध्ये तुम्ही जास्तीचे पैसे मोजता त्यातला बराच भाग हा कोंडलेला आवाज आवरण्यासाठी असतो. घर शांत असेल आणि रात्री एकटेच ऐकत असाल तर तेवढ्याच पैशात ओपन-बॅक अधिक मोकळा वाजेल. मग इथेच थांबा.

आपल्याकडे मात्र बंद कपाची गरज बऱ्याच जणांना असते. ती नेमकी कशासाठी, हे आधी ठरवा, कारण सगळे आवाज सारखे अडत नाहीत. बंद कप वरच्या पट्टीतले आवाज चांगले अडवतो, खालची घरघर फारशी अडवत नाही. वडगाव, खासबागच्या विणकर वस्तीत मागांची खटखट चालू असते, तिची धार बऱ्यापैकी बोथट होते. पत्र्यावर कोसळणारा खानापूरकडचा पाऊसही बराच मागे जातो. पण चिकोडी, निपाणी भागात गळिताच्या दिवसांत दोन-दोन ट्रेलर ओढत उसाचे ट्रॅक्टर जातात, त्यांची घरघर कुठल्याही साध्या बंद कपातून आत येते. टिळकवाडीत रेल्वे गेटजवळ राहणाऱ्यांना गाडीच्या शिट्टीपासून सुटका मिळेल, जमिनीतून येणाऱ्या धडधडीपासून नाही.

तपासणी: रोजच्या ऐकण्याच्या वेळी, रोजच्या खुर्चीत, दहा मिनिटं काहीही न लावता बसा. कोणते आवाज येतात ते कागदावर लिहा. त्यात घरघर, गुणगुण, जनरेटर जास्त असतील तर हेडफोनपेक्षा खोली किंवा वेळ बदलणं स्वस्त पडेल.

सावधान: नॉइज कॅन्सलिंग हा वेगळा प्रकार आहे. तो खालची घरघर छान मारतो, पण ते करताना त्याचं सर्किट आवाजात हात घालतं. बारकाईने ऐकण्यासाठी मी तारेचा, बिनबॅटरीचाच घेईन.

पायरी २ : डोकं, कान आणि चष्मा

ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात, आणि तक्रारीही सर्वांत जास्त इथूनच येतात. क्लोज्ड-बॅकमधला खर्ज हा गादी कानाभोवती किती घट्ट बसते यावर उभा असतो. ओपन-बॅकला थोडी फट चालून जाते, इथे चालत नाही. चष्म्याच्या जाड काडीमुळे कानामागे बारीकशी फट पडली तरी खालचा सगळा भाग गळतो आणि उरलेला आवाज पातळ, कर्कश वाटतो. मग लोक म्हणतात, "याला बेसच नाही."

१. कपाच्या आतल्या बाजूला कान कुठे टेकतोय का बघा. पाकळी आतल्या जाळीला लागत असेल तर अर्ध्या तासात दुखणार. कपाची रुंदी सगळे बघतात, खोली कोणी बघत नाही.

२. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकटच ऐका. कानात मोठ्या कुड्या असतील, केसांचा अंबाडा असेल, तर तेही रोजच्यासारखंच ठेवा. दुकानात जाताना नीटनेटकं होऊन जायचं आणि घरी वेगळ्याच अवतारात ऐकायचं, यात मोजमाप चुकतं.

३. खर्जाचं गाणं चालू असताना दोन्ही कप तळहातांनी अगदी हलके आत दाबा. खर्ज एकदम वाढला तर गादी नीट बसलेली नाही. फारसा फरक पडला नाही तर ठीक.

४. वजन. सोनीचा जुना स्टुडिओतला एमडीआर-७५०६ सुमारे २३० ग्रॅमचा आहे. फोकल स्टेलिया ४३५ ग्रॅम भरतो. जवळजवळ दुप्पट. पाच मिनिटांत हे जाणवत नाही. बडा ख्याल पाऊण तास चालतो, तेव्हा टाळूवर कळतं.

तपासणी: पंचेचाळीस मिनिटं डोक्यावर ठेवून मान खाली-वर, डावी-उजवीकडे करा. सरकला, दुखला किंवा कान घामेजले तर तो हेडफोन तुमचा नाही, मग आवाज कितीही गोड असो.

पायरी ३ : वाजवणाऱ्या यंत्राचा हिशेब

इथे थोडं गणित आहे, पण किराणा हिशेबाएवढंच.

खोक्यावर दोन आकडे बघा. एक ओहम, म्हणजे हेडफोन विजेच्या प्रवाहाला किती अडवतो ते. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे एक मिलिवॉट दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो ते. नुसते ओहम बघून "हा जड, तो हलका" ठरवणं चूक. दोन्ही आकडे मिळून बोलतात.

उदाहरण घेऊ. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोची २५० ओहमची आवृत्ती एक मिलिवॉटला ९६ डेसिबल देते. त्यातून ११० डेसिबलची उसळी हवी असेल तर १४ डेसिबल जास्त लागतात, म्हणजे सुमारे २५ मिलिवॉट. २५० ओहमवर तेवढ्यासाठी अडीच व्होल्ट लागतात. फोनला लावायचं साधं डोंगल साधारण एक व्होल्ट देतं, तेवढ्यात हा हेडफोन १०२ डेसिबलपर्यंतच जातो. आजच्या मोठ्या आवाजात मुद्रित केलेल्या गाण्यांना ते पुरतं. पण जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं फार हळू असतात. ती ऐकताना आवाजाची कळ शेवटपर्यंत गेली तरी पोट भरत नाही. याउलट ३५ ओहम आणि १०६ डेसिबलचा स्टेलिया त्याच डोंगलवर आरामात वाजतो. महाग म्हणजे वाजवायला जड, असं नाही.

तिसरा आकडा खोक्यावर नसतो, तो ॲम्प्लिफायरच्या माहितीत शोधावा लागतो: त्याचा स्वतःचा आउटपुट इंपीडन्स, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रवाहाला तो स्वतः किती ओहमने अडवतो ते. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. २४ ओहमच्या हेडफोनला तीन ओहमपेक्षा कमी. घरातल्या जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरचं हेडफोनचं भोक इथे बरेचदा नापास होतं. त्यात हा आकडा शंभराच्या पुढेही असू शकतो, आणि मग कमी ओहमच्या हेडफोनचा खर्ज सुजतो. प्लेनार, म्हणजे सपाट पातळ पडद्याच्या, जातीच्या हेडफोनना या गोष्टीने आवाजाचा रंग फारसा बदलत नाही, पण त्यांना करंट भरपूर लागतो.

गाण्याची फाइलही बघा. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या रीती असतात. त्यातली नेहमीची एसबीसी ३२८च्या आसपास थांबते, एलडॅक ९९०पर्यंत जाते. चाचणी तारेनेच करा.

आधी यंत्र ठरवा, मग हेडफोन. "सध्या फोनवर ऐकतो, ॲम्प पुढच्या दिवाळीला घेऊ" असं असेल तर आज फोनवर नीट वाजेल असाच घ्या. पुढच्या दिवाळीला घरात दुसरंच काहीतरी निघतं.

पायरी ४ : कानाची यादी तयार करा

सर्वांत जास्त वेळ इथे घाला, पैसे लागत नाहीत. दुकानदार लावतो ती गाणी हेडफोन चांगले दिसावेत म्हणूनच निवडलेली असतात: गिटारची एक तार, बाईचा कुजबुजता आवाज, ढोलाचा एक ठोका. त्यांवर काहीही चांगलंच वाजतं. तुम्ही शंभर वेळा ऐकलेलं, आणि शक्य तर समोर बसून ऐकलेलं घेऊन जा.

घरच्या माणसाचं बोलणं. शांत खोलीत आईचं, बायकोचं, मुलाचं दोन मिनिटं बोलणं फोनवर मुद्रित करा. गाणं कसं वाजायला हवं यावर वाद घालता येतो, आईचा आवाज कसा आहे यावर घालता येत नाही. कप रंग चढवत असेल तर तो साधारण दीडशे ते तीनशे हर्ट्झच्या पट्ट्यात दिसतो आणि माणूस माठातून बोलल्यासारखा होतो. फोनच्या माइकचाही थोडा रंग त्यात असतो, पण तो प्रत्येक हेडफोनवर सारखाच राहील.

नुसता तानपुरा. आपल्याला मिरज जवळ आहे, चांगल्या जवारीचा तानपुरा कुणाच्या ना कुणाच्या घरी ऐकायला मिळतो. एकदा समोर बसून ऐका, मग मुद्रण ऐका. घोडीवरच्या दोऱ्यामुळे तारेतून स्वरांची जी झालर उठते ती सुटी-सुटी, फिरती ऐकू यायला हवी. ती एकाच जागी चकाकत राहिली तर वरच्या पट्ट्यात कुठेतरी उंचवटा आहे. ती धुरकट झाली तर खड्डा. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. ती तार बाकीच्या तारांएवढ्याच वजनाने यावी, फुगून येऊ नये.

तबला सोलो. दायाँवरचा किनारीचा 'ना' कानाला टोचत असेल तर बराच वेळ बसून ऐकणं जमणार नाही. बायाँची घसीट ऐका: तळहात सरकतो तसा स्वर सरकत जावा. स्वराऐवजी नुसता 'हुंम्' असा गोळा ऐकू आला तर खर्ज जास्त आहे, चांगला नाही. या दोघांतला फरक एकदा कानाला कळला की निम्मी निवड झाली.

मैफलीतलं जुनं ध्वनिमुद्रण. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीत जन्मलेले, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, गंगूबाई हनगल हुबळीच्या. या तिघांची गाणी बहुतेकांच्या घरात असतातच. जुन्या मुद्रणात खरखर असणार, ती लपायला नको. पण ती गाण्याच्या मागे राहिली पाहिजे. महाग हेडफोनवर खरखर पुढे आणि गळा मागे गेला तर तुमच्या निम्म्या संग्रहाला तो नापास करणार आहे. हे खरेदीआधी कळलेलं बरं.

शेवटी एक भरगच्च तुकडा: नाट्यपदाची मोठी साथ, किंवा पाश्चात्त्य वाद्यवृंद. ऑर्गन, व्हायोलिन, तबला वेगवेगळे बोटाने दाखवता येतात का ते बघा. बंद कपात पसारा ओपन-बॅकएवढा रुंद नसतोच, ती अपेक्षा सोडा. रुंदी कमी चालेल, गर्दी नको.

एकूण यादी वीस मिनिटांच्या वर नको. फाइली मूळ दर्जाच्या, फोनमध्ये उतरवून घ्या. दुकानातल्या इंटरनेटवर विसंबू नका.

पायरी ५ : आता नावं

तीनपेक्षा जास्त उमेदवार नकोत. चौथ्यापर्यंत कान दमतात.

आधी एक मोजपट्टी ठेवा: डीटी ७७० प्रो किंवा सोनी ७५०६ यांपैकी एक कुणाकडून तरी उसना आणून ऐका. बऱ्याच जणांना तिथेच समाधान होतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वरच्या दर्जात, डायनॅमिक (पडद्याला तारेची गुंडाळी असलेल्या, नेहमीच्या) जातीत डेनॉनचा एएच-डी९२०० (२४ ओहम, ३७५ ग्रॅम, बांबूचे कप), सोनीचा एमडीआर-झेड१आर (६४ ओहम, ३८५ ग्रॅम) आणि फोकल स्टेलिया ही नेहमीची नावं. झेडवनआरचा खर्ज मोठा आहे, तबल्याला तो मला जड वाटतो. डेनॉनवर गळा छान येतो, वरचा भाग काहींना तीक्ष्ण वाटेल. सेनहायझरचा एचडी ८२० तीनशे ओहमचा आहे, त्याला नीट ॲम्प हवाच. प्लेनार जातीत डॅन क्लार्क ऑडिओचा स्टेल्थ आणि मेझेचा लिरिक. स्टेल्थला ताकदीचा ॲम्प लागतो, तिसऱ्या पायरीचं गणित आधी करा. यातले बहुतेक लाखाच्या घरात किंवा पुढे जातात.

सावधान: कोणत्या पट्टीतला आवाज किती मोठा येतो ते दाखवणारे नेटवरचे आलेख उपयोगी आहेत, पण ते एका कृत्रिम कानावरचे असतात. क्लोज्ड-बॅकमध्ये गादी कशी बसली यावर खालचा भाग हलतो, म्हणून आलेखातला खर्ज तुमच्या डोक्यावर तसाच मिळेल असं धरू नका. आलेख बघून नाव खोडायला हरकत नाही. नुसता आलेख बघून विकत मात्र घेऊ नका.

पायरी ६ : ऐकायला जाणं

या दर्जाचे तीन हेडफोन शेजारी-शेजारी ऐकायचे तर पुणे किंवा बेंगळूर गाठावं लागतं. गाडीतून उतरून थेट दुकानात जाऊ नका. प्रवासाच्या घरघरीने कान जड झालेले असतात. चहा घ्या, तासभर शांत बसा, मग जा. वेळ आधी फोन करून ठरवा आणि तुम्हाला हवे ते तिन्ही तिथे आहेत का ते विचारा.

आता सगळ्यात मोठी फसगत. दोन हेडफोन सारखेच असले तरी जो किंचित मोठा वाजतो तो कानाला जास्त स्पष्ट, जास्त भरदार वाटतो. एक डेसिबलचा फरकसुद्धा पुरतो, आणि "हा मोठा आहे" असं तेव्हा वाटतही नाही, "हा चांगला आहे" असं वाटतं. म्हणून आवाज जुळवल्याशिवाय तुलना करू नका.

जुळवायची रीत:

१. वहीच्या पुठ्ठ्याला फोनच्या माइकएवढं भोक पाडून तो सोबत न्या.

२. पुठ्ठ्यावर एक कप सपाट ठेवा, मागून भोकाला फोनचा माइक लावा.

३. पाचशे ते दोन हजार हर्ट्झमधला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग 'श्श' असा आवाज) लावा आणि आवाज मोजणाऱ्या ॲपवर आकडा बघा.

४. दुसऱ्या हेडफोनवर तोच आकडा येईपर्यंत कळ फिरवा. अर्ध्या डेसिबलच्या आत आलं की पुरे. कळ कुठे होती ते लिहून ठेवा.

ॲपचा आकडा खराखुरा डेसिबल नसतो, पण आपल्याला फक्त दोघांची तुलना हवी आहे.

दुकानदार हसेल. हसू दे.

मग यादीतला एकच तुकडा, एक-एक मिनिट, तिन्हींवर. पुढचा तुकडा नंतर. प्रत्येक वेळी दोन शब्द लिहा, गुण देऊ नका. "आई माठात", "ना टोचला", "खर्ज गोळा" एवढं बास. पाऊण तासाने बाहेर फेरी मारून या आणि क्रम बदलून पुन्हा ऐका. पहिल्या फेरीत ज्याने "वा!" म्हणायला लावलं त्याचा दुसऱ्या फेरीत कंटाळा येतो का, हे विशेष बघा. भपकेबाज खर्ज आणि चकाकणारा वरचा भाग पहिल्यांदा जिंकतातच.

आवाज बेताचा ठेवा. प्रौढांसाठी आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो.

पायरी ७ : बिल आणि घरचे पहिले आठ दिवस

पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. परत घेण्याची मुदत किती? भारतातली वॉरंटी कोण देतं? कानाच्या गाद्या सुट्या मिळतात का, केवढ्याला? जीएसटीचं पक्कं बिल घ्या. दुबईहून कुणी स्वस्तात आणून देत असेल तर वॉरंटी इथे चालते का ते कंपनीला लेखी विचारा.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी वीस ते दोनशे हर्ट्झचा सरकता स्वर हळू आवाजात लावा. कुठे तरतर, खडखड आली किंवा आवाज एका बाजूला झुकला तर दोष आहे. आधी हेडफोन उलटा घालून बघा. झुकाव बाजू बदलत नसेल तर तो तुमच्या कानाचा आहे.

माझी इथे एकदा चांगली फजिती झाली. नवा हेडफोन कर्कश वाटत होता. विकणाऱ्याने सांगितलं, "शंभर तास वाजू दे, मोकळा होतो." मी रात्रंदिवस वाजवला. शंभर तास झाले तेव्हा परत करायची मुदत संपून दोन दिवस झाले होते, आणि हेडफोन तसाच कर्कश होता. थोडी फार गादी बसते, बाकी आपले कान सरावतात. पहिल्या चार दिवसांत पटला नाही तर पाचव्या दिवशी परत करा.

इक्वलायझर, म्हणजे आवाजाचे पट्टे वर-खाली करायची सोय, वापरायला लाजू नका. रुंद फुगवटा दोन-तीन डेसिबलने खाली आणता येतो. फटीतून गळणारा खर्ज मात्र त्याने भरून निघत नाही, आणि कपातच घुमणारा स्वरही जात नाही. त्या दोन गोष्टी असतील तर दुरुस्तीत पडू नका, परत पाठवा.

आपल्याकडचा पाऊस जूनपासून मुक्कामाला असतो. कृत्रिम कातड्याच्या गाद्या दमट हवेत लवकर सोलतात, खऱ्या कातड्यावर बुरशी धरते. ऐकून झाल्यावर गाद्या सुक्या मऊ फडक्याने पुसा, दहा मिनिटं उघड्यावर राहू द्या, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. घामेजल्या गाद्या तशाच डब्यात कोंडू नका. गाद्या बदलाल तेव्हा कंपनीच्याच घ्या. दुसऱ्या जाडीच्या, दुसऱ्या भोकाच्या गाद्या लावल्या की आवाजही दुसरा होतो, आणि वरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतात.